पाचव्यांदा वाजलेली घंटा आणि कोरडी झालेली बैठक

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई शिक्षिका आहेत. दोन वर्षांपासून रोज पहाटे वीस मिनिटं श्वासावर लक्ष ठेवून ध्यान करतात. पहिले सहा-सात महिने मन हलकं असायचं, वर्गात नवं काही सुचायचं. आता बैठक कोरडी झाली आहे आणि शिकवण्यात जीव लागत नाही. त्यांच्या आई अर्धांगवायूमुळे अंथरुणाला खिळल्या आहेत, उशाशी ठेवलेली छोटी घंटा वाजवून त्या बोलावतात. पहाटे शांत बसून उठलेल्या ताई दुपारपर्यंत त्या घंटेवर खेकसायला लागतात आणि रात्री त्याची लाज वाटून झोप लागत नाही. प्रेरणादायी पुस्तकं आणि भाषणं यांचा अंमल तासाभरात उतरतो. त्या विचारतात: पुन्हा प्रेरणा देईल असं ध्यान कोणतं? करुणा अंगी कशी आणायची? दहा दिवसांच्या शिबिराला जाऊ का?

ताई, मी चोवीस वर्षं रोज बसते आहे आणि त्यातली अकरा वर्षं इतरांना बसायला शिकवते आहे. तुमचे तिन्ही प्रश्न मला एकाच धाग्याचे वाटतात, म्हणून सुटे करून उत्तर देत नाही.

आधी कोरडेपणाबद्दल. सुरुवातीच्या महिन्यांतली टवटवी खरी होती, पण ती बरीचशी विश्रांतीची होती. वर्षानुवर्षं न थांबलेलं मन रोज वीस मिनिटं थांबायला लागलं, खांदे सैल झाले, श्वास पोटापर्यंत जायला लागला. तहानलेल्याला पाण्याचा पहिला घोट लागतो तसं ते होतं. दहाव्या घोटाला ती चव नसते, पाणी मात्र तेच असतं. मग शांततेची सवय होते आणि तिच्याखाली दबून राहिलेलं वर यायला लागतं. कंटाळा येतो, थकवा जाणवतो, कधीचं न रडलेलं रडू गळ्याशी येतं. याला बहुतेक जण ‘ध्यान लागत नाही’ म्हणतात. माझ्या मते खरं काम इथून सुरू होतं.

योगसूत्रांत चित्ताला विचलित करणारे नऊ अडथळे सांगितले आहेत. व्याधी, स्त्यान म्हणजे मनाचा जडपणा, संशय अशी ती यादी सुरू होते आणि शेवटचा अडथळा आहे अनवस्थितत्व, म्हणजे गवसलेली अवस्था न टिकणं. तुमचा अनुभव हाच आहे. इतक्या जुन्या काळी कुणीतरी तो इतका नेमका ओळखून ठेवला, याचा मला वाईट दिवसांत मोठा आधार वाटलेला आहे. आपण वाट चुकलेलो नसतो. या वाटेवर हा टप्पा लागतोच.

या टप्प्यावर दोन चुका होतात. एक म्हणजे सोडून देणं. ती तुम्ही केलेली नाही. दुसरी म्हणजे जास्त जोर लावणं, आणि ती तुम्ही करत असाव्यात असा मला संशय आहे. पाली ग्रंथांत सोण नावाच्या भिक्खूची गोष्ट आहे. चालत चालत ध्यान करताना त्याचे पाय रक्तबंबाळ झाले, तरी हाती काही लागेना. भिक्खू होण्याआधी तो वीणा वाजवायचा. बुद्धांनी त्याला त्याच्याच वाद्याबद्दल विचारलं: तारा फार ताणल्या तर वाजायची का? आणि फार सैल सोडल्या तर? बस, एवढंच. तुमची तार कुठे ताणली गेली आहे ते पाहू.

बसल्या बसल्या ‘आज काही सुचलं का, आज बरं वाटलं का’ अशी तपासणी चालू असेल तर ती आधी थांबवा. झोप लागली का हे बघत पडलेल्या माणसाला झोप लागत नाही, तसंच हे आहे. प्रेरणा हवी म्हणून ध्यान करणं गैर नाही. आपण सगळे काहीतरी हवं असतं म्हणूनच या वाटेला लागतो. पण ती बैठकीच्या आत शोधायची नाही. ती कुठे भेटते ते पुढे सांगते.

आता बैठकीत नेमकं काय करायचं. तुम्ही श्वासावर बसता, तेच चालू ठेवा. नवीन पद्धत शोधू नका. नाकपुड्यांपाशी श्वासाचा स्पर्श कळत असेल तर तिथे लक्ष ठेवा. कळत नसेल तर पोटाच्या वर-खाली होण्यावर ठेवा. मन जाईल. हार्वर्डच्या किलिंग्सवर्थ आणि गिल्बर्ट या संशोधकांनी २०१० मध्ये २,२५० लोकांना फोनवरून दिवसभरात अवेळी गाठून विचारलं होतं की आत्ता मन कुठे आहे. हातातल्या कामापासून मन दूर होतं असं उत्तर जवळपास ४७ टक्के वेळा आलं. म्हणजे भटकणं हा तुमचा एकटीचा दोष नाही, मनाची ती रीतच आहे. ते गेलं आहे हे लक्षात येणं आणि मग ते परत आणणं, साधना म्हणतात ती एवढीच. वीस मिनिटांत पन्नास वेळा परत आलात तर पन्नास वेळा साधना झाली.

पण परत आणताना तुम्ही मनाशी कोणत्या सुरात बोलता, हे कधी ऐकलंय का?

मी कितीतरी वर्षं ऐकलं नव्हतं. माझ्या वडिलांची स्मृती शेवटच्या चार वर्षांत गेली. ते दर दहा मिनिटांनी विचारायचे, ‘पोस्टमन येऊन गेला का?’ पहिल्या चार-पाच वेळा मी नीट सांगायचे. मग आवाज चढायचा: ‘परत तेच! किती वेळा सांगायचं?’ त्यांचा चेहरा लहान मुलासारखा व्हायचा. ओरडा बसला हे कळायचं, कशासाठी बसला ते कळायचं नाही. मी तेव्हा रोज एक तास बसत होते आणि लोक मला शांत स्वभावाची समजत. एका सकाळी बैठकीत मन सटकलं, मी ते परत ओढलं, आणि त्या क्षणी आतलं वाक्य स्पष्ट ऐकू आलं. ‘परत तेच! किती वेळा सांगायचं?’ शब्द तेच होते आणि धारही तीच. माझ्या मनाला मी रोज एक तास ज्या आवाजात हाकत होते, तोच आवाज दिवसभर वडिलांच्या वाट्याला येत होता. तासभर ध्यान करून मी नकळत खेकसण्याचाच सराव पक्का करत होते.

त्यानंतर काही आठवडे मी दुसरं काही केलं नाही. श्वास नीट दिसतो का, एकाग्रता वाढते का, हे सगळं बाजूला ठेवलं. मन गेलं की फक्त म्हणायचं, ‘बरं. ये.’ ते दहा सेकंदांत पुन्हा गेलं तरी पुन्हा तेच, ‘बरं. ये.’ सुरुवातीला हे खोटं वाटायचं, कारण आत चीड असायची आणि वर गोड शब्द. मग एक दिवस शब्द म्हणायची गरज उरली नाही. वडिलांना ‘अजून नाही आला बाबा, येईल’ असं पाचव्यांदा सांगताना आवाज चढला नाही, हे मला त्या दिवशी संध्याकाळी लक्षात आलं. मी तसा प्रयत्न केलेला नव्हता.

म्हणून तुम्हाला पहिलं सांगणं हे की पुढचा महिनाभर बैठकीत फक्त परत येण्याचा सूर ऐका. एकाग्रतेची काळजी सोडा. घंटेवर चिडणाऱ्या ताई आणि कोरड्या बैठकीत स्वतःला रेटणाऱ्या ताई एकच आहेत.

आता घंटेकडे येते. तुमच्या पत्रातली खरी साधना तिथे आहे, पहाटेची वीस मिनिटं तिची पूर्वतयारी आहेत. बुद्धांच्या सतिपट्ठान सुत्तात लक्ष ठेवण्याच्या चार जागा सांगितल्या आहेत: काया, वेदना, चित्त आणि धम्म. यातला वेदना हा शब्द आपण मराठीत दुखण्यासाठी वापरतो. पालीत त्याचा अर्थ वेगळा आहे. अनुभवाची नुसती चव: सुखद, दुःखद, किंवा धड सुखदही नाही आणि दुःखदही नाही. घंटा वाजली की आधी कानावर आवाज पडतो. पुढच्या क्षणी ती चव येते, नकोशी. तिच्यामागोमाग ‘पुन्हा!’ आणि त्यामागे सगळी कहाणी: आत्ताच तर जाऊन आले, वह्या तपासायच्या राहिल्यात, भाऊ मजेत आहे, माझ्याच वाट्याला हे का. हे सगळं एका श्वासाच्या आत घडतं. म्हणून आपल्याला वाटतं की घंटेने चीड आणली. खरं तर घंटा आणि चीड यांच्यामध्ये एक बारीक जागा असते. नकोशी चव तिथे येते. ती चव थांबवता येत नाही आणि थांबवायची गरजही नाही. तिला तिथेच ओळखलं, ‘हं, नकोसं वाटलं’ एवढं जरी आत नोंदवलं, तरी कहाणी सुरू व्हायला इंधन कमी पडतं.

यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. व्हिएतनामचे भिक्खू थिक न्यात हान्ह यांनी १९८२ मध्ये फ्रान्समध्ये प्लम व्हिलेज हे साधनाकेंद्र सुरू केलं. तिथे रीत आहे की घंटा वाजली की हातातलं काम आणि तोंडातलं बोलणं थांबवून सगळे श्वासावर येतात. फोनची घंटीही त्यात धरतात. तुमच्याकडे तर घंटा आधीच आहे, दिवसातून वीस-पंचवीस वेळा वाजणारी. तुम्ही थांबायचं नाही, कारण आईंना कदाचित कूस बदलायची असेल, घसा कोरडा पडला असेल. तुम्ही उठायचं आणि चालायचं. पहिल्या पावलाला एक लांब उच्छ्वास सोडा, मग तळवे जमिनीला टेकतायत हे जाणवू द्या. तुमच्या खुर्चीपासून त्यांच्या पलंगापर्यंत किती पावलं आहेत हे उद्या मोजा. समजा अकरा आहेत. तेवढ्या पावलांत चीड विरेलच असं नाही. पण ती सोबत घेऊन चालतो आहोत हे माहीत असलं की दारात पोहोचल्यावर ती आईंच्या अंगावर फेकली जात नाही. सगळ्या घंटांना हे जमणार नाही. दिवसातल्या पहिल्या तीन घंटांना करा. उरलेल्या जशा जातील तशा जाऊ द्या.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगते. घाई कमी करा. १९७३ मध्ये जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. प्रिन्स्टनमध्ये धर्मशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना जवळच्या दुसऱ्या इमारतीत जाऊन छोटं भाषण द्यायला सांगितलं होतं. त्यातल्या काहींच्या भाषणाचा विषय होता वाटेत जखमी पडलेल्याला मदत करणाऱ्या भल्या माणसाची बायबलमधली कथा. आणि वाटेत एका दारापाशी एक माणूस वाकून, खोकत, कण्हत बसवलेला होता. ज्यांना भरपूर वेळ आहे असं सांगितलं होतं, त्यांच्यातले ६३ टक्के मदतीला थांबले. ज्यांना उशीर झालाय असं सांगितलं होतं, त्यांच्यातले फक्त १० टक्के. करुणेवर भाषण द्यायला निघालेलं असण्याने ठळक फरक पडला नाही. घाईने पडला. मला हा प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपण प्रत्येक चिडण्याचा दोष स्वभावाला देतो. पुष्कळदा दोष वेळापत्रकाचा असतो. दुपारी शाळेतून आल्यावर पहिल्या अर्ध्या तासात तुम्ही काय काय कोंबता ते पाहा. त्यातलं एखादं काम रात्रीवर टाकता आलं तर ते कुठल्याही ध्यानाइतकं उपयोगी पडेल.

आता करुणेबद्दल. इथे तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला टोचलं: ‘आईकडे पाहिलं की त्यांचं दुखणं माझ्याच अंगात शिरतं, म्हणून मी हल्ली पाहतच नाही.’ ताई, तुमच्यात करुणा कमी नाही. तुम्ही ज्याला करुणा समजता ती दुसरीच गोष्ट आहे. मात्यू रिकार नावाचे फ्रेंच भिक्खू आहेत. आधी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आनुवंशशास्त्रात संशोधन करून मग ते साधनेकडे वळले. २००७ मध्ये टानिया झिंगर या मेंदूविज्ञानाच्या अभ्यासकांनी त्यांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून दुसऱ्याचं दुःख फक्त स्वतःत जाणवू द्यायला सांगितलं. त्यात प्रेम किंवा मदतीची इच्छा आणायची नव्हती. त्यांनी अनाथालयातली हाल सोसणारी मुलं डोळ्यांसमोर आणली. तासाभरात ते पार गळून गेले. मग त्यांना करुणेचं ध्यान करायची मुभा मिळाली. तीच मुलं डोळ्यांसमोर होती, पण आता त्यांना जवळ घेण्याची, त्यांचं भलं व्हावं अशी ओढ मनात होती, आणि थकवा सरला. पुढे झिंगर आणि ओल्गा क्लिमेकी यांनी सामान्य लोकांवर अभ्यास केला. नुसतं दुःखाशी एकरूप व्हायला शिकवल्यावर लोकांची नकोशी भावना वाढली. त्यानंतर करुणेचा सराव दिल्यावर ती उतरली आणि उबदारपणा वाढला. दोन्ही वेळी मेंदूतल्या वेगवेगळ्या जाळ्यांत हालचाल दिसली.

हा भेद जुन्या साधकांना ठाऊक होता. पाचव्या शतकात बौद्ध आचार्य बुद्धघोषांनी विशुद्धिमार्ग या ग्रंथात मैत्री, करुणा, मुदिता (दुसऱ्याच्या आनंदात आनंद) आणि उपेक्षा (इथे दुर्लक्ष नव्हे, समभाव) या चारही भावनांचे दोन-दोन शत्रू सांगितले: एक दूरचा, एक जवळचा. करुणेचा दूरचा शत्रू क्रौर्य. तो ओळखायला सोपा. जवळचा शत्रू शोक. तो करुणेसारखाच दिसतो, म्हणून घरात घुसतो आणि आपण त्याला आसन देतो. तुम्ही आईंजवळ जाऊन शोकात बुडत होता, आणि बुडायला नको म्हणून बघणं सोडलंत. यात क्रौर्य कुठेच नाही. फक्त एक पाऊल राहून गेलं. दुःख दिसलं, टोचलं, पण ‘हे हलकं व्हावं’ ही इच्छा उमटायच्या आत तुम्ही वळलात.

ते पाऊल सरावाने येतं. रात्री झोपण्याआधी दहा मिनिटं मैत्रीभावनेला द्या. मात्र सुरुवात आईंपासून करू नका. त्यांच्याशी तुमचं प्रेम, थकवा, अपराधीपणा आणि जुने हिशेब असं सगळं गुंतलेलं आहे. बुद्धघोषांनीही क्रम घालून दिला आहे: आधी स्वतः, मग आदर वाटणारी व्यक्ती, मग जिवलग, मग तटस्थ, आणि सगळ्यात शेवटी वैरी. अनुभवाने मी या क्रमात थोडा फरक करते. स्वतःपासून सुरुवात करताना आजकाल बऱ्याच जणांच्या घशात आवंढा येतो, ‘मी कुठली एवढी चांगली’ असं मन म्हणतं. म्हणून मी एखाद्या सरळ-साध्या जिवापासून सुरू करायला सांगते. वर्गातली एखादी मुलगी, जिच्याशी तुमचा काही हिशेब नाही. ती डोळ्यांसमोर आणा आणि मनात म्हणा: ‘तू सुखी राहा. तुझं दुखणं हलकं होवो. तू निर्भय राहा.’ शब्द तुमचे घ्या, दोन-तीनच घ्या, रोज तेच ठेवा. मग तेच शब्द स्वतःकडे वळवा. दोन-तीन आठवड्यांनी आईंकडे. मनात उमाळा आला नाही तरी चालेल. मी याला भावना दाटून येण्याचा व्यायाम मानत नाही. इच्छेची दिशा लावायचा हा सराव आहे, त्यामुळे कोरडेपणाने म्हटलेले शब्दही वाया जात नाहीत. उमाळ्याची वाट पाहत बसलेले साधक मी पुष्कळ पाहिलेत. त्यांचं अडतं ते तिथेच.

आणि करुणेला हात असतात. विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या पाली ग्रंथात, एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आपल्याच मलमूत्रात पडलेला होता आणि बाकीचे त्याच्याकडे फिरकत नव्हते, कारण तो त्यांच्या काही उपयोगाचा नव्हता. बुद्धांनी पाणी ओतलं, त्यांचा शिष्य आनंद याने त्याला धुतलं, मग एकाने डोक्याकडून आणि दुसऱ्याने पायांकडून उचलून त्याला मंचावर ठेवलं. माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची सेवा करावी, हे बुद्धवचन याच प्रसंगातलं. पण मला त्याच्या पुढचा भाग अधिक जवळचा आहे. सेवा करायला अवघड अशा रुग्णाची पाच लक्षणं तिथे दिली आहेत: तो अपथ्य करतो, पथ्याचंही प्रमाण ठेवत नाही, औषध घेत नाही, दुखणं जसं आहे तसं सांगत नाही, वेदना सोसत नाही. म्हणजे काही रुग्णांची सेवा अवघड असते हे खुद्द त्या ग्रंथाने मान्य केलं आहे. सेवा करणाऱ्याने मलमूत्र उचलताना किळस करू नये असंही त्यात आहे, आणि त्याने लाभाच्या आशेने नव्हे तर मैत्रीने सेवा करावी असंही. तुम्हाला जे अवघड जातं ते खरंच अवघड आहे. रात्री लाज वाटेल तेव्हा हे आठवा.

प्रेरणा कुठे भेटते ते सांगायचं राहिलं होतं. स्फूर्ती या शब्दाच्या मुळाशी स्फुरणं आहे, थरथरणं, आतून हलणं. आपण मात्र बाहेरून कुणीतरी धक्का देईल म्हणून बसतो. पुस्तकं आणि भाषणं धक्का देतात आणि धक्क्याचा जोर ओसरतोच. फ्रेंच गणिती आंरी पॉइन्कारे यांनी सांगितलं आहे की ज्या प्रश्नावर त्यांनी आधी खूप डोकं खपवलं होतं, त्याची किल्ली त्यांना सहलीला निघताना, गाडीच्या पायरीवर पाऊल ठेवताक्षणी सापडली. तेव्हा ते त्याचा विचारही करत नव्हते. आधीचे कष्ट होते, आणि मग मन मोकळं होतं. तुमच्याकडे कष्ट भरपूर आहेत. मोकळं मन नाही, कारण दिवसभर ते घंटेशी भांडण्यात आणि त्या भांडणाची लाज वाटण्यात अडकलेलं आहे. ते भांडण जितकं कमी होईल तितकं मन मोकळं होईल. वर्गात पूर्वी सुचायचं ते याच मोकळ्या जागेतून.

यात तुम्हाला एक छोटं काम देते. रोज एका तासिकेत, फळ्याकडून वर्गाकडे वळताना, एकाच मुलाकडे पूर्ण लक्ष द्या, तीन-चार सेकंद. शक्यतो मागच्या बाकावरच्या, ज्याचं नाव दिवसभरात घेतलं जात नाही अशा. त्याला काय कळलंय, काय कळलेलं नाही, तो आज कसा आहे. पुढे शिकवायचं ते त्याच्या चेहऱ्यावरून ठरू द्या. त्याला एखादी गोष्ट उलगडली आणि त्याचा चेहरा उजळला, तर तो आनंद घाईने सोडून देऊ नका, दोन श्वास त्यात राहा. हीच मुदिता. चार भावनांपैकी लोक तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष देतात. शिक्षकाला ती रोज फुकट मिळण्यासारखी आहे. माझ्याकडे बसायला येणाऱ्या शिक्षकांना गेलेली गोडी परत मिळाली ती बहुतेक वेळा इथून, बैठकीतून क्वचितच.

दोन इशारे द्यायलाच हवेत. तुम्ही रात्री झोप लागत नाही असं लिहिलंय. हे कित्येक आठवडे चालू असेल, सकाळी उठण्यात अर्थ वाटत नसेल, रडू आवरत नसेल, तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा. ध्यान हा त्याला पर्याय नाही, आणि तसं सांगणाऱ्याचं ऐकू नका. दुसरं, डोळे मिटून बसल्यावर छाती दाटून येत असेल किंवा जुने भयंकर प्रसंग समोर येत असतील तर डोळे अर्धे उघडे ठेवा, श्वासावरचं लक्ष सोडून तळव्यांच्या स्पर्शावर या, किंवा सरळ उठून चाला. सहन करत बसणं म्हणजे साधना नव्हे.

आता शिबिर. तुम्ही ज्या शिबिराचं विचारता ते सत्यनारायण गोयंका यांच्या परंपरेतलं दिसतं. त्यात पहिले तीन दिवस श्वासावर म्हणजे आनापानावर, चौथ्या दिवसापासून शरीरभरच्या संवेदनांवर विपश्यना, आणि दहाव्या दिवशी मैत्री शिकवतात व मौन सुटतं. पहाटे चारला उठायचं, दिवसाला दहाएक तास बसायचं. फोन, वाचन, लिखाण बंद. शुल्क नसतं, आधी शिबिर केलेल्यांच्या दानावर ते चालतं. पहिल्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी पोहोचावं लागतं आणि अकराव्या दिवशी सकाळी निघता येतं, म्हणजे घरापासून जवळपास बारा दिवस दूर. मी स्वतः ते अनेकदा केलं आहे आणि त्याचे माझ्यावर मोठे उपकार आहेत. तरीही तुम्हाला आत्ता जा असं म्हणणार नाही. झोप उडालेली असताना आणि घरची सोय न लावता गेलात तर दहा दिवस मन आईंच्या खोलीतच राहील. झोप थाऱ्यावर आली की जा, आणि अर्जात तब्येतीबद्दल विचारतात तिथे सगळं खरं लिहा. तोपर्यंत घरी राहून करायचं असेल तर जॉन काबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात सुरू केलेला आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम आता पुष्कळ ठिकाणी शिकवला जातो. आठवड्यातून एक वर्ग आणि घरी रोजचा सराव, असं त्याचं स्वरूप आहे. रुग्णाची काळजी घेणाऱ्यांना तो जास्त झेपतो.

शिबिराला जाल तेव्हा त्या बारा दिवसांची व्यवस्था भावाशी बोलून करा, अर्धवट ‘बघू’वर ठेवू नका. आणि आईंना महिनाभर आधी सांगा, निघायच्या दिवशी नव्हे. पलंगाशी बसून सांगा, बोलता येत नसेल तरी त्यांना समजतं. मी नसताना तुमच्या घंटेला कुणी यायला हवं, हेही त्यांनाच विचारा.